ब्रेकवाल्याच्या हातापासून ब्रेकच्या डबीपर्यंत

कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तुम्ही सकाळी अर्धा तास उभे राहा. उल्हासनगरच्या कॅम्पांतून निघालेली कपाटे आणि सोफे, कॅम्प पाचमधल्या शिलाईकामाचे गठ्ठे, अंबरनाथच्या मोरिवली आणि आनंदनगर वसाहतींतली पिंपे, बदलापूरला चाललेल्या फरशा आणि सिमेंटची पोती, असा सगळा संसार तुमच्यासमोरून जाईल. त्यातला पुष्कळसा माल एका बुटक्या चारचाकीच्या पाठीवर असेल. कारखान्याने तिचे नाव 'एस' ठेवले, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि लोकांचेच नाव टिकले.

ही गाडी धावते कशी, हे शाळेतला मुलगाही सांगेल. इंजिन, डिझेल, गिअर, चाक. पण ती थांबते कशी, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, ''ब्रेक दाबला की थांबते.'' बस्स, एवढेच. इतिहासाच्या पुस्तकांतही असाच पक्षपात झालेला आहे. वाफेचे इंजिन कोणी काढले, मोटार कोणी काढली, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्या इंजिनाला उतारावर आवरले कोणी, याची दखल नाही. ती आज घेऊ. कारण गाडी थांबविण्याच्या युक्तीत जसजशी सुधारणा होत गेली, तसतसा तिच्यातला दोष डोळ्यांआड सरकत गेला, आणि त्याचा हिशेब उल्हास नदीच्या या खोऱ्यातल्या चालकाला व मेस्त्रीला आज चुकता करावा लागतो आहे.

उल्हास नदी येते ती बोरघाटाच्या डोंगरांतून. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत ती कल्याणकडे जाते. तिच्याच वाटेने आगगाडी आली आणि तिच्याच उगमाच्या बाजूला ब्रेकची पहिली मोठी परीक्षा झाली. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. बैलगाड्या घाट उतरू लागल्या. भरलेली गाडी उतरताना चाकाला लाकडाचा ठोकळा दोराने आवळून धरायचा, फारच उतार लागला तर मागे ओंडका बांधून तो घसटत न्यायचा. ठोकळा झिजला की दिसे, जळू लागला की वास येई, दोर तुटायला आला की हाताला कळे. आंधळ्या माणसालाही या ब्रेकची प्रकृती समजली असती.

पुढे 1856 साली कल्याणपासून बदलापूर, नेरळ, कर्जतवरून खोपोलीच्या बाजूला घाटाच्या पायथ्यापर्यंत रेल्वे पोहोचली आणि 1863 साली बोरघाटातून वर गेली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. घाटातला सर्वांत कडक चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवायचाही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असलेल्या, शेकडो टनांच्या गाडीला उतरताना तो कड्यासारखाच. त्या काळी सगळ्या डब्यांना एकत्र लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाला एक ब्रेक, आणि काही ब्रेकच्या डब्यांत बसलेली माणसे. इंजिनाने ठराविक शिट्टी दिली की ही माणसे हाताचे चक्र फिरवून आपापल्या डब्याचे ठोकळे चाकांवर आवळीत. गाडी थांबे ती अनेक हातांनी, आणि त्या हातांपैकी एखादा झोपला, घसरला, किंवा शिट्टी ऐकू आली नाही, तर थांबत नसे.

घाटाच्या मधोमध एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा टप्पा घ्यायची. म्हणजे तिथे थांबणे ही सवलत नव्हती, सक्ती होती. पुढे रूळच नव्हते. 1869 च्या जानेवारीत घाट उतरणारी एक गाडी आवरली गेली नाही आणि या स्टेशनाच्या टोकापलीकडे गेली. त्या काळच्या छायाचित्रकाराने टिपलेले तिचे मोडलेले डबे आजही पाहायला मिळतात. घाट बांधणाऱ्यांना या धोक्याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. उताराच्या वाटेत वर चढत जाऊन संपणारे आंधळे फाटे ठेवलेले असत. ताबा सुटलेली गाडी त्या फाट्यावर वळवायची, चढावर तिचा वेग आपोआप मरायचा. माणसाच्या हातावर विश्वास नाही, म्हणून डोंगरालाच ब्रेक करायचा. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते.

योगायोग पाहा, त्याच 1869 साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनातून नळी निघते, प्रत्येक डब्यात जाते, आणि चालकाच्या एका हालचालीने सगळी चाके आवळली जातात. तीनच वर्षांनी त्याने त्यात असा फेर केला की नळी तुटून हवा सुटली तर ब्रेक सुटण्याऐवजी लागावा. हे तत्त्व आजच्या मोठ्या मालमोटारींच्या हवेच्या ब्रेकमध्येही आहे.

ब्रेकवाल्यांची ती जुनी पद्धत एकाएकी नाहीशी झाली असे समजू नका. बदलापूरहून कर्जतची लोकल धरली तर वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1907 साली सुरू झाली. तिचा चढ विसास एक, बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. या गाडीच्या डब्यांवर ब्रेकवाले उभे असत आणि खुणेच्या इशाऱ्यावर हाताने चक्रे आवळीत. 2016 च्या मे महिन्यात डबे दोनदा रुळावरून घसरले, गाडी बंद ठेवावी लागली, आणि डब्यांना हवेचे ब्रेक बसविल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे 1863 च्या बोरघाटातले ते अनेक हात आपल्या अगदी शेजारी शंभर वर्षांहून अधिक काळ राबत होते. शिक्षकांनी मुलांची सहल माथेरानला नेली, तर टेकडी आणि माकडे दाखवून झाल्यावर हेही सांगावे.

हे झाले आगगाडीचे. मोटारीचा ब्रेक प्रथम बैलगाडीच्याच जातीचा होता. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या किंवा तारा गेलेल्या. पाय दाबला की तार ओढली जाई. पण चार चाकांच्या चार तारा सारख्याच ताणलेल्या राहणार कशा? एक ढिली, एक घट्ट. मग ब्रेक लावला की गाडी सरळ थांबण्याऐवजी बाजूला ओढली जाई. कित्येक वर्षे मोटारींना मागच्याच चाकांना ब्रेक असे, कारण वळणाऱ्या पुढच्या चाकांपर्यंत सळी नेणे म्हणजे कसरतच.

यातून वाट काढली ती द्रवाने. फ्रान्सचा पास्कल हा गणिती 1662 साली वारला. दुसऱ्या वर्षी त्याचा द्रवांवरचा प्रबंध छापला गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे त्यातले सार. 1795 साली इंग्लंडात जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावर दाबयंत्र केले. वऱ्हाड-खानदेशच्या वाचकांनी त्या यंत्राचे वंशज पाहिलेच आहेत. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेस त्याच कुळातल्या.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंजा घ्या, एक लहान, एक मोठी. प्लॅस्टिकच्या बारीक नळीने दोन्ही जोडा आणि आत पाणी भरा. लहान दट्ट्या एका मुलाने दाबावा, मोठा दुसऱ्याने अडवून धरावा. मोठ्या दट्ट्याचा व्यास दुप्पट असेल तर त्याचे तोंड चौपट, म्हणून जोरही चौपट. पाचवीतला पोरगा दहावीतल्याला मागे रेटतो आणि वर्ग हसतो. मात्र सरकण्याचे अंतर पाव होते. निसर्ग फुकट काही देत नाही. आता नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. लहान दट्ट्या खाली जाईल, मोठा जागचा फारसा हलणार नाही. पाणी दबत नाही, हवा दबते. ब्रेक फेल होणे म्हणजे काय, ते त्या बुडबुड्यात आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे तत्त्व मोटारीच्या चाकांपर्यंत नेण्याचे श्रेय अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडकडे जाते. 1917 साली त्याने पेटंट मागितले. 1921 साली ड्यूसेनबर्ग नावाच्या महागड्या मोटारीला चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले, आणि 1924 साली क्रायस्लरने ते साधारण गिऱ्हाइकाच्या गाडीत आणले. अडचण होती गळतीची. दट्ट्याला सुरुवातीला कातड्याच्या वाट्या होत्या, त्या पाझरत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्या जागी रबर घातले. आणि आतला द्रव कोणता? एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण! आपल्या आजीच्या फडताळातले एरंडेल अमेरिकेच्या मोटारी थांबवीत होते. एरंडेलाने रबर फुगत नाही, खनिज तेलाने फुगते, हे त्यामागचे कारण.

त्या एरंडेलामुळे एक शब्द मागे राहिला आणि तो आज घात करतो. गॅरेजात अजून 'ब्रेक ऑइल' म्हणतात. पण आजच्या ब्रेकमधला नेहमीचा द्रव तेल नाहीच. तो ग्लायकॉल जातीचा आहे, पाण्यात विरघळतो, पाण्याने धुऊन निघतो. 'ऑइल' म्हटल्यामुळे वाटेत अडलेला एखादा चालक त्या डबीत इंजिनाचे ऑइल ओततो. मग रबराच्या वाट्या फुगतात, दट्टे अडकतात, आणि सगळे रबर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. भाषेच्या प्राध्यापकांनी शब्दांच्या अर्थांतराची उदाहरणे देताना हे एक घ्यायला हरकत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. लष्कर गेले तरी 'कॅम्प' हा शब्द आकड्यांसकट राहिला. शेत नाही, वाडा नाही. होती ती व्यापाराची बुद्धी. बनवायचे, विकायचे आणि पोहोचवायचे. पलीकडे अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना, संरक्षण खात्याचे कारखाने, पुढे औद्योगिक वसाहत. या सगळ्याला वाहने लागत.

ती वाहने कुठली? युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि देशभर मालवाहतुकीला लागल्या. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीबरोबर मालमोटारी बनवायला घेतल्या. 1958 साली बजाज टेम्पो कंपनी निघाली. तिच्या तीनचाकीचे मूळ हँबुर्गच्या टेम्पो कारखान्यात, आणि त्या कारखान्याचे नाव आपण असे काही उचलले की आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याला टेम्पोच वाटते. या छोट्या-मध्यम गाड्यांत द्रवाचा ब्रेक रुळला. चाकाच्या आत पसरट पातेल्यासारखा ड्रम, त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू, शूवर लायनर. पेडल दाबले की शू पसरतात आणि ड्रमला आतून घासतात.

या ड्रमचे दोन शत्रू, उष्णता आणि पाणी. घाटात तापला की ड्रम फुगतो, शूपासून दूर जातो; पेडल खोल जाऊ लागते आणि लायनरची पकडही मंदावते. वालधुनीला किंवा उल्हासला पूर आला आणि गाडी पाण्यातून गेली, तर पातेल्यात पाणी साठते. 26 जुलै 2005 ची रात्र या भागातला कोणी विसरलेला नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही रस्त्यांची दशा तीच होती. ज्याने अशा पाण्यातून गाडी काढली आहे त्याला ठाऊक आहे की पुढचे चार-सहा ब्रेक लागतच नाहीत. पेडल हलके दाबून, लायनर घासून वाळवावे लागते.

यावर उपाय म्हणजे ड्रमऐवजी उघडी तबकडी, डिस्क. चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन पॅडनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची. तिच्यावर पाणी पडले तरी फेकले जाते, वारा लागून ती लवकर निवते, आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते, दूर जात नाही. ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण त्याचे पॅड तांब्याचे. तांबे तबकडीवर घासले की असा चीत्कार निघे की रस्त्यावरचे लोक कान झाकत.

घासणारा पदार्थ कोणता असावा, हा प्रश्न हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रजाने धसाला लावला. 1897 साली त्याने धंदा सुरू केला तोच घोडागाड्यांच्या चाकांना घाटात चांगला ठोकळा हवा म्हणून. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून, त्यात बायकोच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने 'फेरोडो' हे नाव केले. आपल्या मेस्त्रींना ते नाव परके नाही. पुढे त्याने ॲस्बेस्टॉस वापरले. उष्णता सोसण्यात त्याला तोड नव्हती, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे दहा-वीस-तीस वर्षांनी असाध्य रोग होतो, हे जगाला फार उशिरा पटले. इंग्लंडने 1999 साली त्यावर बंदी घातली. नामांकित कंपन्यांचे आजचे पॅड त्यावाचून होतात. पण जुने लायनर आणि बिननावाचा स्वस्त माल यांत काय असेल, कोण सांगणार? गॅरेजात काम शिकणारी मुले ड्रम उघडून काँप्रेसरच्या हवेने धूळ उडवितात आणि त्याच ढगात उभी राहतात. ही धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी किंवा पाण्याने भिजवून धुवावी. याला खर्च काही नाही.

डिस्कचा बोलबाला झाला तो 1953 साली, फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीने जिंकली तेव्हा. आपल्याकडे ती सामान्य माणसाच्या दारात आली 1983 च्या मारुतीबरोबर. आणि 2005 साली टाटांनी छोटा हत्ती काढला, त्याला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून चांगला ब्रेक पुढे. आणि हँडब्रेक ड्रमला स्वस्तात जोडता येतो, म्हणून ड्रम मागे. उल्हासनगरच्या बोळांतून फिरणाऱ्या मालगाडीला असा ब्रेक मिळाला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

इथेच ती हिशेबाची बाब येते. ड्रमचा लायनर झिजला की पेडल दिवसेंदिवस खाली जाते, चालकाच्या पायाला कळते. डिस्कचा पॅड झिजला तर पेडल तसेच राहते! कारण दट्ट्याभोवतीची रबराची कडी दट्ट्याला मिलिमीटरच्या अंशाएवढीच मागे घेते. पॅड जितका झिजेल तितका दट्ट्या पुढेच राहतो आणि मागची जागा द्रवाने भरून निघते. मग झिजेची खूण उरते कुठे? बॉनेटखालच्या त्या छोट्या डबीत. तिथली पातळी हळूहळू उतरते. आणि आपण काय करतो? सर्व्हिसिंगच्या वेळी डबीत चार बोटे कमी दिसले की मेस्त्री वरून ओततो आणि म्हणतो, ''फुल्ल केलंय, शेट.'' गाडीने दिलेली एकुलती एक सूचना पुसून टाकली! पातळी उतरली असेल तर आधी चाक काढून पॅड बघावेत, पॅड जाड असतील तर गळती शोधावी, आणि मगच बाटलीला हात लावावा. ओतून ठेवलेला द्रव नवे पॅड बसविताना दट्टे मागे रेटले की डबीतून उसळतो आणि रंग खातो, हे निराळेच.

पॅड बघताना एकच बघून भागत नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या आपल्या चिखलात आणि पावसात अडकतात. मग बाहेरचा पॅड नव्यासारखा, आतला लोखंडाला टेकलेला. बाहेरून डोकावणाऱ्याला सारे आलबेल दिसते. पावसाळा संपला की पिना काढून, पुसून, त्यांचेच खास ग्रीस लावून बसवाव्यात. पिनांवरचा रबरी मोजा फाटला असेल तर तो बदलावा. त्याची किंमत किरकोळ असते. डिस्क कुठवर झिजली तर चालेल तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. त्यापेक्षा ती पातळ झाली तर खराद मारून उपयोग नाही.

आणि आता तो बुडबुडा. ब्रेकचा द्रव हवेतली ओल पितो. रबरी नळ्यांतून, डबीच्या झाकणातून, न कळत. सोलापूरच्या कोरड्या हवेपेक्षा बदलापूरच्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत त्याला प्यायला अधिक मिळते, हे सांगायला नको. डॉट-3 जातीचा कोरा द्रव 205 अंशांच्या खाली उकळता कामा नये असे प्रमाण आहे. त्यात शेकडा साडेतीन-चार भाग पाणी शिरले की ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट-4 चे आकडे 230 आणि 155. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. गाडी वर्षानुवर्षे उल्हासनगर ते अंबरनाथ करते, ब्रेक उत्तम. मग एक दिवस पुण्याचे भाडे मिळते. जाताना चढ. येताना भरलेली गाडी बोरघाट उतरते, पाय सारखा ब्रेकवर, डिस्क तापते, उष्णता दट्ट्यातून द्रवात जाते आणि द्रव उकळतो. वाफ म्हणजे बुडबुडा. पेडल तळाला टेकते आणि चाकाला खबर नाही.

आणखी वाईट गोष्ट पुढेच आहे. गाडी कशीबशी थांबली आणि अर्धा तास उभी राहिली, तर सारे निवते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. मेस्त्री तपासतो, त्याला काही सापडत नाही. चालक शपथेवर सांगतो की ब्रेक लागला नाही, आणि मालक समजतो की झोप लागली असेल. बैलगाडीचा जळका ठोकळा पंचांपुढे ठेवता येत होता. इथे पुरावाच हवेत विरतो. म्हणून हा द्रव चांगला दिसतो की काळा पडला, यावर न जाता तारखेवर बदलावा लागतो. बहुतेक कारखानदार साधारण दोन वर्षे सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे असेल ते प्रमाण. उघडी राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. ती फळीवर बसल्या बसल्या ओल पीत असते.

घाटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची, काही जण तर इंजिनच बंद करण्याची खोड जुनी आहे. न्यूट्रल केले की इंजिनाची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर आला, म्हणजे उष्णता वाढली. इंजिन बंद केले तर त्याहून वाईट. पेडलच्या मागे जो बूस्टर असतो, तो इंजिन चालू असताना केलेल्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाले की एक-दोन दाब मिळतात, मग पेडल दगडासारखे होते. ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, असे जुने एस.टी. चालक सांगत. 1863 सालच्या इंजिनिअरांनी डोंगराचा ब्रेक केला, यांनी इंजिनाचा केला.

द्रव बदलताना हवा काढावी लागते, आणि या कामाला अजूनही दोन माणसे लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. चाकाजवळचा ओरडतो, ''दाब!'' वरचा दाबून धरतो. खालचा निपल अर्धा फेरा सैल करतो, पारदर्शक नळीतून जुना काळपट द्रव आणि बुडबुडे बाटलीत येतात. निपल आवळतो आणि मग ओरडतो, ''सोड!'' निपल आवळण्याआधी पाय सुटला तर हवा परत आत. सर्वसाधारणपणे डबीपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्याकडे येतात. मधे डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

काम झाल्यावर गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी उभ्या जागीच परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरचा साठा संपेल. मग पाय दाबून धरा आणि स्वस्थ बसा. पेडल हळूहळू खाली बुडू लागले, आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत द्रव सोडते आहे. पेडल स्थिर राहिले तर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. ते किंचित खाली गेले पाहिजे. गेले तर बूस्टर जिवंत आहे. मऊ, लुसलुशीत लागले तर हवा राहिली आहे, पुन्हा त्या लांबच्या चाकाशी जा. एवढे पार पडले की मोकळ्या जागेत बेताच्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक लावून पाहा. गाडी डावी-उजवीकडे ओढत असेल तर ज्या बाजूला ओढत नाही त्या बाजूच्या कॅलिपरच्या पिना आधी बघा.